खामपुनचं विकलेलं पोर

आमच्या नोंग साइ गावात तान्ह्या पोराला कुणी गोंडस म्हणत नाही. फारच जीभ वळवळली तर "काय हे ध्यान, कुठल्या उकिरड्यावर सापडलं?" असं म्हणायचं आणि नाक मुरडून पुढे जायचं. कौतुक ऐकायला फक्त आईबापच बसलेले असतात असं नाही. गल्लीतल्या चिंचेवर बसणाऱ्यांनाही कान असतात, आणि चांगली वस्तू दिसली की त्यांना ती न्यावीशी वाटते. म्हणून तर आमच्याकडे पोरांची नावं बेडूक, डुक्कर, चिखल अशी. माझ्या थोरल्याला सगळं गाव अजून बेडूकच म्हणतं, आणि तो आता जिल्ह्याच्या कचेरीत साहेब आहे.

शहरातून नव्याने आलेल्या नर्सबाईला हे कुणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला माझ्या खांबांवरच्या घराखाली, सावलीत, गावातल्या पोरांचं वजन व्हायचं. आरोग्य केंद्राने गावासाठी नेमलेली बाई मी, त्यामुळे वजनकाटा माझ्याकडे आणि बायकांची कटकटही माझ्याच डोक्याला. त्या दिवशी शेजारचा खामपुन आपलं पोर कडेवर घेऊन आला. नर्सबाईने पोराचा गाल ओढला आणि म्हणाली, "किती गोड मुलगा आहे हो तुमचा."

खामपुनने पोराला झटकन मागे ओढलं. "कसला गोड?" तो चिंचेच्या दिशेला तोंड करून मोठ्याने म्हणाला. "घूस आहे नुसती. आणि माझा कुठला? असाच आलाय कुठून तरी."

नर्सबाईने मला बाजूला घेतलं. "पिमफाताई, हे सावत्र वडील आहेत का?"

"सख्खे आहेत," मी म्हटलं. "सख्खे आहेत म्हणूनच तर."

पोराचं नाव तुन. घुशीलाच आम्ही तुन म्हणतो. ते नाव खामपुनने ठेवलं होतं, आणि त्याला कारण होतं. तुनच्या आधी त्याला एक मुलगी होती. तेव्हा खामपुन आणि त्याची बायको वान्ना बँकॉकला इमारतींच्या कामावर होते. मुलीचं दूध सुटल्यावर तिला गावी आजीकडे ठेवलं, जशी अर्ध्या गावाची पोरं आजीकडे असतात. मुलगी खरोखर देखणी होती. खामपुन कामावरच्या प्रत्येक माणसाला तिचा फोटो दाखवायचा. सिमेंटच्या गाडीवाल्याला, भाजीवालीला, मुकादमाला. "माझी लेक. बघा तरी, माझी आहे असं वाटतं का?" पावसाळ्यात तिला डासाचा ताप आला. आजीला वाटलं, साधाच आहे, उतरेल. खामपुन बस पकडून गावी पोचेपर्यंत तिला अग्नी देऊन झाला होता.

त्याने मनाशी घेतलं की आपणच बोलून बोलून ती चिंचेवरच्यांना दाखवून दिली. त्याला तसं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती, इथल्या हवेतच ते असतं.

तुन झाल्यावर त्याने सांगून टाकलं की या पोराला मीच वाढवणार. वान्नाला समुद्राकाठच्या एका कारखान्यात, मासे डब्यात भरायच्या कामावर, बरा पगार मिळत होता. ती तिकडे राहिली आणि हा इकडे येऊन बदकं पाळू लागला. आमच्या गावातले पुरुष बाहेर जातात आणि बायका मागे राहतात. इथे उलटंच झालं, मग गाव कशाला सोडतंय? त्याला "आई खामपुन" म्हणायला लागले.

"आई, आज पोराला काय शिजवलंत?"

"तुझं डोकं शिजवलंय," खामपुन म्हणायचा, "पण त्यात काहीच निघालं नाही."

पोराच्या शरीराची मात्र त्याने जी निगा राखली, ती गावातल्या एकाही आईने राखली नसेल, माझ्यासकट. पाणी उकळून प्यायला द्यायचा. मच्छरदाणीला भोक दिसलं की जेवण टाकून ते शिवायला बसायचा. नखं, दात, कान, जंताची गोळी, सगळं वेळच्या वेळी. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून स्वतःच्या दारातलं साचलेलं पाणी ओतायचाच, वर शेजाऱ्यांच्या दारातलंही ओतून यायचा आणि शिव्या खायचा. माझ्याकडचं महिन्याचं वजन त्याला पुरत नसे. मध्येच तो तुनला बदकं तोलायच्या काट्यावर उभं करायचा.

"अरे, पोर आहे की बाजारात न्यायचं बदक?" मी विचारायची.

"बदकाचं वजन उतरलं तर मला झोप लागत नाही, ताई. आणि हे तर..." पुढचा शब्द तो गिळून टाकायचा. 'हे पोरटं' म्हणायचा, 'हा' म्हणायचा, 'ती घूस' म्हणायचा. 'माझा' हा शब्द त्याच्या तोंडून कधी आला नाही.

तुनला त्याचं काही नव्हतं. सगळ्यांनाच असं म्हणतात, त्यालाही म्हणत होते. पोर म्हणजे नंबरी हावरट. "फो, अजून एक अंडं," हे त्याचं पहिलं वाक्य असेल. फो म्हणजे आमच्याकडे बाप. अंडं खायचं, ताट तिथेच टाकायचं आणि बदकांमागे पळायचं. ताट बाप उचलायचा. मी म्हणायची, डोक्यावर बसवून ठेवलंयस. तो म्हणायचा, बसू दे, वजन कळतं.

तुन शाळेत जायला लागला त्या वर्षी एका बदकामागे धावता धावता तळ्यात पडला. खामपुन काठावरच होता. त्याने कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं. पण तळ्याचं गढूळ पाणी पोराच्या छातीत गेलं होतं. ताप चढला. इस्पितळात ठेवलं, सुया टोचल्या, घरी आणलं, तर पुन्हा ताप. पुन्हा इस्पितळ, पुन्हा घरी, पुन्हा तेच. पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि खामपुन अंगणातून नुसता फेऱ्या मारत होता. मी त्याला म्हटलं, औषध पुरं कर, मधेच सोडू नकोस. ते तो करत होताच. पण म्हाताऱ्या माणसांनी दुसरंही सांगितलं, आणि ते मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, हे पोर तुझ्या हाताला लाभत नाही. त्यांनी तुझी एक नेली, त्यांना तुझं दार माहीत आहे. पोर विकून टाक.

विकायचं म्हणजे नावापुरतं. जिची पोरं जगतात अशा बाईला विकायचं. मग पोर तिचं झालं. चिंचेवरचे येऊन शोधत बसतात, पण त्या बापाचं पोरच नाही म्हटल्यावर नेणार काय? विकत घेणारी बाई पोर परत बापाकडेच सांभाळायला देते. इथे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. माझा नवराही लहानपणी असाच विकलेला, आणि तो अजून हट्टाकट्टा आहे, फक्त कामापुरता नाही.

गल्लीपलीकडे लुन आजी राहायची. सात पोरं, सातही जिवंत, आणि तिच्यासारखीच तोंडाळ. सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं.

सकाळी आम्ही तिच्या जिन्यापाशी जमलो. तुन गोधडी गुंडाळून बापाच्या पुढ्यात उभा होता. लुन आजी वरच्या पायरीवर पान चघळत बसली होती.

"कुणाला हवंय का हे पोर?" खामपुन ओरडला. "किडकं आहे, रडकं आहे. मला नको. माझं नाही हे."

"आण इकडे," लुन आजी म्हणाली. "मी घेते." तिने कंबरेच्या पिशवीतून एका बाथचं नाणं काढून त्याच्या हातावर ठेवलं. "आजपासून पोर माझं. ऐकलं का सगळ्यांनी?" आणि तिने मान वर करून चिंचेकडे बघितलं.

"ऐकलं," आम्ही सगळे म्हणालो.

"घेऊन जा," खामपुन म्हणाला. "माझा काही संबंध नाही."

"आता माझे हात थकलेत," आजी म्हणाली. "तूच सांभाळ माझ्यासाठी. पण ध्यानात ठेव, पोर माझं आहे. आणि ते नाणं दे परत, त्यांनी विचारलं तर मला दाखवायला लागेल."

खामपुनने दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती दिवसांनी त्याच्या जिवाला थारा मिळाला होता. बायकांनी तुनच्या मनगटाला रक्षेचे पांढरे दोरे बांधले. तुन एकदा बापाच्या तोंडाकडे बघत होता, एकदा वर आजीकडे. डोळे मोठे झाले होते. मला वाटलं, तापाने झाले असतील.

ताप उतरला, तो पुन्हा आला नाही. औषधाने उतरला की विक्रीने, हे मी नर्सबाईला विचारलं नाही आणि लुन आजीलाही विचारलं नाही. दोघींची उत्तरं मला पाठ होती.

मग तुन शहाणा झाला.

ताट धुऊन ठेवायला लागला. अंथरूण स्वतः गुंडाळायला लागला. अंडं घेण्याआधी विचारायचा, "घेऊ का?" बापाला 'तू' म्हणणारा पोरगा 'तुम्ही' म्हणायला लागला. शाळेतून आला की दप्तर ठेवून लुन आजीचं अंगण झाडायचा, तिच्या रांजणात पाणी भरायचा. गावाने तोंड भरून... नाही, कौतुक नाही, पण "घूस माणसाळली" एवढं म्हटलं. खामपुन सुखावला. "आजारपणाने शहाणपण येतं म्हणतात ते खरं आहे, ताई," तो मला म्हणाला.

पण काटा शहाणपण मोजत नाही. पुढच्या महिन्यात तुनचं वजन वाढलं नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यात उतरलं. जेवतोस का विचारलं तर म्हणे, हो, पोट भरलं. खामपुनने मान खाली घालून मला सांगितलं की पोर अंथरूण ओलं करतंय, आणि चटईच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून झोपतंय. नर्सबाई एव्हाना आमच्यात मुरली होती. तिने तुनला बघून आधी रीतसर "काय हे ध्यान" म्हटलं आणि मग छाती तपासली. छाती साफ होती.

"याच्या शरीरात काही नाही," ती म्हणाली. "मनाला काही लागलंय का? आईची आठवण येत असेल. वजन असंच उतरत राहिलं तर मोठ्या इस्पितळात दाखल करावं लागेल."

दाखल म्हटल्यावर खामपुनने तुनला पुन्हा काट्यावर उभं केलं. संध्याकाळी वान्नाचा फोन आला. तुन तिच्याशी गोड बोलला. जेवतो म्हणाला, अभ्यास करतो म्हणाला, तुम्ही काळजी करू नका म्हणाला. फोन ठेवल्यावर खामपुन मला म्हणाला, "ती रडायला लागली, ताई. म्हणते, हा पाहुण्यासारखा का बोलतोय?"

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की याचा ख्वान पडलाय. ख्वान म्हणजे जिवातला जीव. माणूस दचकला, भ्याला की तो अंगातून निसटतो आणि जिथे निसटला तिथेच भटकत राहतो. मग माणूस खातो, चालतो, बोलतो, पण त्यात राम नसतो. तो परत आणायचा तर आपल्या माणसाने त्या जागी जायचं. लांब दांड्याची मासे धरायची जाळी घ्यायची, जाळीत पोराचा सदरा, उकडलेलं अंडं, चिकट भाताचा गोळा ठेवायचा आणि हाक मारत मारत ख्वान जाळीत भरायचा. मग मागे न बघता घरी यायचं. जिन्याखालून विचारायचं, आला का? वरून कुणीतरी उत्तर द्यायचं, आला.

तुन तळ्यात पडला होता, तेव्हा ख्वान तळ्यात. हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. खामपुन जाळी घेऊन तळ्यावर गेला. वर तुनजवळ मी बसले होते. खालून आवाज आला, "तुनचा ख्वान आला का?" मी म्हटलं, "आला." दोरे बांधले. तुनने अंडं अर्धं खाल्लं आणि उरलेलं बापाच्या ताटात ठेवलं. "मला पुरे झालं. तुम्ही खा."

दुसऱ्या दिवशी अंथरूण पुन्हा ओलं. खामपुन परत तळ्यावर गेला, पलीकडच्या काठाला. मग गुडघाभर पाण्यात उतरून. ते तळं त्याने इतकं गाळलं की पोरं त्याला विचारायला लागली, "आई, मासे मिळाले का?" एरवी उत्तराला न चुकणारा खामपुन जाळी झटकून पुढच्या काठाला जायचा.

आमच्याकडे ख्वान कुठे पडला हे मोठी माणसं ठरवतात. पोर कुठे पडलं, कुठल्या कुत्र्याला भ्यालं, हे त्यांनीच पाहिलेलं असतं. मला मात्र आता राग यायला लागला होता. कुणाचा राग ते सांगता येत नव्हतं, पण वजनाच्या दिवशी काट्याची सुई बघितली आणि माझं डोकं फिरलं. बाकीची पोरं गेल्यावर मी तुनला थांबवून घेतलं.

"तुन, तुझा ख्वान तळ्यात नाही ना?"

त्याने मान हलवली. "तळ्यात मला भीती नव्हती वाटली. फोंनी लगेच उचललं."

"मग कुठे पडलाय? जीव तुझा आहे, तुलाच ठाऊक असणार."

त्याने गल्लीकडे बोट केलं. मग म्हणाला, "लुन आजीच्या जिन्यापाशी."

मी काटा खाली ठेवला. "अरे वेड्या, ते खोटं खोटं होतं. तुला बरं वाटावं म्हणून."

"खोटं होतं तर फो रडले कशाला?"

"आनंदाने रडला."

"माझं नाही म्हणाले आणि आनंदाने रडले," तुन म्हणाला. तो तक्रार करत नव्हता, जसं झालं तसं सांगत होता. मग त्याने मला एक प्रश्न विचारला, जो त्याने किती दिवस धरून ठेवला होता कोण जाणे. "लुन आजी खोकते. ती मेली की मी कुणाचा?"

म्हणून तो अंगण झाडत होता. म्हणून पाणी भरत होता. म्हातारी दमू नये, मरू नये, म्हणून. आणि इकडे बापाच्या घरी दुसऱ्याचं अन्न कमीत कमी खात होता. आम्ही सगळे त्याला शहाणा म्हणत होतो. मला रडू आलं, आणि पोरापुढे रडू नये म्हणून मी उगाच काटा पुसत बसले.

खामपुन बदकांचं खुराडं धूत होता. मी सगळं सांगितलं तसा त्याने बादलीत हात धुतले, पुसले. मग म्हणाला, "मी सांगतो त्याला."

त्याने तुनला खुराड्यामागे नेलं, खाली वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तुनने मान डोलावली. आणि संध्याकाळी जाऊन लुन आजीचं अंगण झाडलं.

"काय सांगितलं रे फोने?" मी विचारलं.

"की मी त्यांचाच आहे."

"मग?"

"नको म्हणाले तेव्हा ओरडून म्हणाले. हे कानात म्हणाले." त्याने खराटा उचलला. "कानात खोटं पण सांगतात."

मी हे खामपुनला जसंच्या तसं सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला. "मग काय करू, ताई? चिंचेखाली उभा राहून ओरडू, माझा आहे म्हणून? एकदा ओरडलो होतो. बँकॉकभर ओरडलो होतो. काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

"तिला डासाने नेलं, खामपुन. तुझ्या बोलण्याने नाही."

"आणि डासाला कुणी पाठवलं?"

आरोग्य केंद्राच्या भिंतीवर डासाचं एवढं मोठं चित्र आहे, पण त्याला कुणी पाठवलं ते खाली लिहिलेलं नाही. त्याची भीती मला कळत होती. माझी पोरं जगली म्हणून मी त्याला शहाणपण शिकवायचं, हे माझ्या जिभेवरच येईना. पण पोराचं काय? 'माझा' म्हटलं तर ते नेतील ही बापाला भीती, आणि न म्हटल्यामुळे पोर आपल्या पायांनीच चाललं होतं.

मी गल्ली ओलांडून लुन आजीकडे गेले. तिला हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे मला सगळं दोनदा सांगावं लागलं. तुन तिचं अंगण का झाडतो ते ऐकल्यावर तिने पान थुंकलं आणि खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं.

"मला वाटलं, माझ्यावर जीव बसलाय पोराचा," ती म्हणाली. मग काठी आपटली. "बोलव त्या आईला."

खामपुन आला आणि जिन्याखाली उभा राहिला.

"माझं पोर माझ्या जिन्याखाली पडलंय," लुन आजी म्हणाली, "आणि तू त्याला तळ्यात शोधतोस?"

खामपुनने मान वर करून चिंचेकडे बघितलं.

"उद्या सकाळी जाळी घेऊन ये. इथून उचल त्याला."

"आजी, त्यांनी ऐकलं तर?"

"त्यांचं मी बघते. नाणं माझ्याकडे आहे. ते आले तर त्यांना दाखवीन, म्हणेन पोर माझं आहे, तो बाप वेडा आहे, काहीही बरळतो. सात वाढवलीत मी, त्यांच्या नाकावर टिच्चून. भुतांना मी सांभाळते. तू पोराला सांभाळ."

सकाळी मी तुनला घेऊन खामपुनच्या घरात वर बसले. खालून बदकांचा कलकलाट येत होता. तुनला मी सांगितलं होतं की आज फो बरोबर जागी गेलाय. तो भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर हात ठेवून.

गल्लीपलीकडून खामपुनचा आवाज येत होता. "ये रे ख्वाना, घरी ये. जिन्याखाली राहू नकोस, दुसऱ्याच्या दारात राहू नकोस. भात शिजलाय, अंथरूण घातलंय. ये रे." तळ्यावरही तो असंच म्हणायचा, फक्त जिन्याच्या जागी तळं. मधे मधे नुसती जाळी फिरल्याचा आवाज यायचा.

मग तो आला. मागे न बघता, जाळी छातीशी धरून, जिन्यापाशी थांबला. मी फळ्यांच्या फटीतून बघत होते. त्याच्या मागोमाग लुन आजी काठी टेकत गल्लीपर्यंत आली होती, आणि तिच्या मागे रिकामटेकडी चारदोन माणसं.

"तुनचा ख्वान आला का?" खामपुनने विचारलं.

मी 'आला' म्हणायला तोंड उघडलं, तोच तुनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो पुढे सरकला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"कुणाच्या तुनचा?" त्याने विचारलं.

असं कुणी विचारत नाही. विधीत असा प्रश्नच नाही. खामपुन वर बघत राहिला. जाळीतलं अंडं एकीकडून दुसरीकडे घरंगळलं. त्याने एकदा चिंचेकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस जाळी टाकून पळून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"माझ्या," तो म्हणाला.

तुन हलला नाही.

"काय म्हणाला तो?" गल्लीतून लुन आजी ओरडली. "मला काही ऐकू आलं नाही."

खामपुन चिंचेकडे वळला. खाली मान घालून नाही, सरळ वर, फांद्यांकडे तोंड करून, आणि असा ओरडला की सगळी बदकं एकदम गप्प झाली.

"माझ्या! माझा मुलगा आहे हा. माझा आहे, मी कुणाला देणार नाही." मग तो परत जिन्याकडे वळला. "माझ्या तुनचा ख्वान आला का?"

"आला," तुन म्हणाला.

खामपुन वर आला. दोरा त्याने गुंडाळला, गाठ मी मारली. त्याने जाळीतलं अंडं सोलून तुनच्या हातात दिलं. तुनने ते सगळं खाल्लं, भाताचा गोळाही खाल्ला, आणि हात पुढे केला.

"फो, अजून एक."

मी खाली जाऊन चुलीवरच्या पातेल्यातून दुसरं आणलं. तेही गेलं. मग खाली एक बदक ओरडलं, तसा तुन उठला आणि खाडखाड जिना उतरून पळाला. ताट तिथेच, टरफलांसकट.

"अरे ए, ताट कोण उचलणार?" मी ओरडले.

"फो उचलेल," खालून आवाज आला.

खामपुनने ताट उचललं, टरफलं गोळा केली आणि धुवायला घेऊन गेला.